बंद लाइनीतला उजेड

त्या वर्षांत अंबरनाथच्या एमआयडीसीत कॅमेरे बसवायचं खूळ आलं होतं. मी उल्हासनगर कॅम्प एकमध्ये राहायची आणि तिथल्याच एका सिंधी शेटच्या दुकानातर्फे कारखान्यांत कॅमेऱ्यांचं नेटवर्क जोडून द्यायची. बाई शिडीवर चढून केबल ओढते म्हटल्यावर गेटवरचा वॉचमनसुद्धा माझा पास उलटासुलटा करून बघायचा. माझं तोंड फटकळ, म्हणून निभावलं.

रंग बनवणाऱ्या एका कारखान्यात एक जुने इलेक्ट्रिशियन होते. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणू लागले. काकांची एक रीत होती. कुठल्याही शेडमध्ये कामाला हात लावायच्या आधी ते पॅनलमधला फ्यूज स्वतः उपटून शर्टाच्या खिशात घालायचे. काम संपेपर्यंत तो खिशातच. कुणी मागितला तर अंगावर धावून जायचे.

कारण अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं. काकांचा धाकटा भाऊ त्यांच्याच हाताखाली कामाला होता. मागच्या शेडमध्ये मोटर जोडताना शॉक लागून तो जागच्या जागी गेला. काका जीव तोडून सांगत राहिले, "मी फ्यूज काढला होता." कुणाला पटलं नाही. विसरला असेल, म्हणाले लोक. त्यांच्या आईनेही तेच धरलं, आणि तेव्हापासून ती त्यांच्याशी बोलत नव्हती. एकाच घरात राहायचं, ते आणतील ते खायचं, पण शब्द नाही. मला हे कळलं तेव्हा त्या बाईचा असा राग आला होता!

त्याच मागच्या शेडमध्ये मी एक कॅमेरा बसवला. ह्या कॅमेऱ्याला विजेची वेगळी वायर लागत नाही. ज्या निळ्या केबलमधून चित्र जातं, त्याच केबलमधून त्याला करंट मिळतो, आणि तो करंट येतो ऑफिसात ठेवलेल्या नेटवर्कच्या डब्यातून. शेडच्या पॅनलशी त्याचा काही संबंध नाही. हे मी मॅनेजरला समजावलं, सुपरवायझरला समजावलं. काका रजेवर होते.

रजेवरून आल्यावर ते भर दुपारी तिथे ट्यूब बदलायला गेले. रीतीप्रमाणे फ्यूज काढला, खिशात घातला. शेडला खिडकी नाही, सगळा काळोख झाला. आणि काळोख झाला की त्या कॅमेऱ्याभोवतीचे बारीक दिवे आपोआप लालसर पेटतात. ते पेटले.

काकांची किंकाळी मी ऑफिसात ऐकली. धावत गेले. दारात दोन हेल्पर उभे, आत जायला तयार नाहीत. "धाकटा आलाय," एक जण पुटपुटला. आत काका खिसा घट्ट धरून वर बघत होते, आणि जिथे त्यांचा भाऊ पडला होता त्याच्या बरोबर वर तो लाल डोळा. माझ्याही अंगावर सर्रकन काटा आला, खोटं कशाला बोलू.

"धाकटाबिकटा काही नाही!" मी ओरडले. मलाच धीर हवा होता. मग काकांना बाहेर आणून सगळं सांगितलं.

ते ड्रमवर बसून ऐकत होते. "म्हणजे फ्यूज काढला तरी करंट येतो," ते म्हणाले.

"ह्या केबलमधून येतो, काका. आणि ही बारकी वीज, हिने माणूस मरत नाही. तेव्हा तर ही केबल नव्हतीच."

"पण दुसऱ्या वाटेने येतो ना?"

येतो. बाजूच्या शेडची लाइन कुणी चुकून जोडून ठेवली असेल, तर येतोच. मी तसं सांगितलं.

"पोरी, हे माझ्या आईला सांगशील?" एरवी मला टोमणा मारल्यासारखं मॅडम म्हणणारा माणूस. नाही कशी म्हणणार?

रविवारी सामान घेऊन मी अंबरनाथ पूर्वेला त्यांच्या चाळीत गेले. डब्याचा प्लग शेजारणीच्या घरात लावला आणि केबल खिडकीतून आत घेतली. काकांनी घराचा मेन बंद केला, दार-खिडकी लोटली. कोपऱ्यातली बुद्धमूर्ती दिसेनाशी झाली, आणि माझ्या हातात कॅमेरा लाल झाला.

आई कॉटवर ताठ बसून होती. "हा शेजारच्या घरचा करंट?" तिने मला विचारलं.

"हो, आजी."

"त्या दिवशीपण असाच आलेला?"

"तसा येऊ शकतो."

"येऊ शकतो ते कळलं गं. आलेला का?"

हो म्हणायला काय जात होतं? काका माझ्याकडे आशेने बघत होते. पण तिच्यापुढे खोटं बोलवेना. "ते मला नाही सांगता येणार," मी म्हणाले.

मग ती म्हणाली, "आणि आला असेल तर? तर मी ह्याचं काय केलं इतकी वर्षं?" तिचा आवाज फाटला. "सांग ना रे. काढला होतास ना तू?"

ती त्यांच्याशी बोलत होती. काका तिच्या पायाशी खाली बसले. आता हो म्हणतील, सुटतील, असं मला वाटलं.

"आई, तेव्हा पक्कं आठवत होतं गं," ते म्हणाले. "तुम्ही सगळे नाही नाही म्हणत राहिलात. आता मलाच आठवत नाही."