येतो म्हणालो होतो

ओमानमधल्या दुक्मच्या रिफायनरीत मी वेल्डिंग तपासतो. दुसऱ्याच्या चुका काढायचा पगार घेतो, त्यामुळे स्वभावही तसाच झालाय. कॅम्पातल्या डाळीपासून जगाच्या कारभारापर्यंत मला सगळ्यात खोट दिसते. एका वस्तूचं मात्र मी तोंडभर कौतुक करायचो, ती म्हणजे आईच्या घरात बसवलेला कॅमेरा. चीनमध्ये बनलेला, मस्कतच्या अल् खुवैरमधल्या केरळी दुकानदाराने मला विकलेला आणि रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात भिंतीवर लावलेला. आजोबा बोटीवर होते तेव्हा घरी वर्ष-वर्ष पत्र नसायचं. मला आई रोज दिसत होती. जग जवळ आलं ते हे असं, असं मी सगळ्यांना सांगत फिरायचो.

आई एकटी राहते, ऐंशीला टेकलीये. जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर तो कॅमेरा उघडायचो आणि त्याच्याच स्पीकरवरून तिच्याशी बोलायचो. बंद करताना म्हणायचो, "येतो गं." आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत. तिनेच लहानपणी पाठीत धपाटा घालून शिकवलेलं.

यंदा तिला भ्रम व्हायला लागला. एक दिवस शेजारच्या काकूंचा फोन आला, "अरे, तू येतोस म्हणून सांगतोस काय तिला? रोज दिवेलागणीला उंबऱ्यावर बसते. तू आल्याशिवाय जेवायची नाही म्हणते."

वेल्डमधली केसाएवढी भेग मला दिसते आणि रोज तोंडाने करत होतो ती चूक दिसली नव्हती. स्वतःचाच संताप आला. रजा मागितली, तर काम अंगावर आलेलं. अर्बाब, म्हणजे आमचा मालक, म्हणाला, "नेक्स्ट मंथ, इन्शाल्ला." त्या इन्शाल्लाचा अर्थ इथे नवा माणूससुद्धा आठवड्यात शिकतो. मी 'येतो' म्हणायचं सोडलं. त्याच्याऐवजी काय म्हणायचं ते सुचेना, म्हणून नुसताच फोन बंद करायचो.

पंधरा दिवसांनी काकू म्हणाल्या, "आता बरी जेवते हो." मला हायसं वाटलं. दुसऱ्या दिवशी सुट्टीत ऑफिसच्या कंटेनरमध्ये बसून कॅमेरा उघडला. आई जेवत होती. तिच्यासमोर दुसरा पाट मांडलेला आणि त्याच्यापुढे वाढलेलं ताट, भात, आमटी, तळलेला बांगडा. ती बोलत होती, मग थांबून ऐकत होती, मान हलवून हसत होती.

या कॅमेऱ्याला माणूस दिसला की तो त्याच्याभोवती हिरवी चौकट काढतो. एक चौकट आईभोवती होती. दुसरी रिकाम्या पाटावर होती, माणूस मांडी घालून बसला तर जेवढी उंची होईल तेवढी.

चिनी माल, गंडला असेल, म्हणून ॲप बंद करून पुन्हा उघडलं. चौकट तिथेच.

"आई," मी म्हणालो, "अगं, मी बोलतोय. दुक्मवरून."

तिने वर पाहिलं नाही. पाटाकडे बघून म्हणाली, "ऐकलंस? तुझ्यासारखाच आवाज काढतो मेला. नुसता बोलतो. जेवायला बस म्हटलं तर बसत नाही." मग कॅमेऱ्याकडे मान वळवून अगदी मायेने म्हणाली, "बाबा, तुझी आई वाट बघत असेल कुठेतरी. तिच्याकडे जा. माझा आलाय."

मी ओरडणार होतो की तिथे कोणी नाही. तेवढ्यात तिने भाताचा मोठा घास घेतला. किती दिवसांनी ती पोटभर जेवत होती. मी बोललो असतो तर ती पुन्हा उंबऱ्यावर जाऊन बसली असती. मी आवाज बंद केला आणि ती हात धुवायला उठेपर्यंत बघत राहिलो.

आता रजा मंजूर झालीये. तिकीट काढायला धीर होत नाही. गेलो तर त्या घरात मी आणि तो पाटावरचा, असे आम्ही दोघं असणार, आणि कोणाला बाहेर जा म्हणायचं ते आई ठरवणार.