तिसरी खुर्ची

वरचे काका शुक्रवारी गेले. काकू त्यांचं पार्थिव घेऊन नाशिकला गेल्या आणि वरच्या घराची किल्ली माझ्याकडे राहिली. सोमवारी वरून चेंडूचा टप्पा ऐकू आला.

जगातला कुठलाही प्रश्न न सुटण्याचं कारण एकच, त्यात एक टीम कमी असते, असं मानणारा माणूस आम्ही राहतो त्या सालमियात काय, साऱ्या आखातात दुसरा नसेल. काका पेट्रोकेमिकलमधले इंजिनिअर. अमेरिकेतल्या बास्केटबॉलचं त्यांना वेड होतं, पण एकही सामना त्यांनी शेवटपर्यंत पाहिला नव्हता. "सामन्यात काय असतं, मास्तर? उंच माणसं पळतात," ते म्हणत. "खरा खेळ त्याआधी फोनवर होतो." त्यांना रस होता तो खेळाडूंच्या अदलाबदलीत. मी इथल्या शाळेत मराठी-हिंदी शिकवणारा माणूस, पण सॅलरी कॅप म्हणजे काय हे त्यांनी मला इतक्या वेळा समजावलं की मी त्यावर धडा घेऊ शकेन. मालक कितीही श्रीमंत असो, टीमच्या एकूण पगाराला मर्यादा असते. एखादा खेळाडू नुसता आवडला म्हणून आणता येत नाही, आधी त्याच्यापुरती जागा करावी लागते. दोघांची जागा जुळत नसली की मोकळी जागा असलेली तिसरी टीम शोधायची. "सौदा अडला म्हणजे दोघं वाईट असतात असं नाही. तिसरा खोलीत नसतो, एवढंच." विचार करताना ते चेंडू संथपणे जमिनीवर आपटत. खाली माझ्या पंख्याची पाती थरथरत. टप्पा थांबला की मी समजायचो, तिसरी टीम सापडली.

हेच शास्त्र ते माणसांना लावत. गणपतीच्या वेळी पलीकडच्या खैतान वस्तीत, खोल्यांत राहणारी कोकणातली मंडळी मखर करायला तयार होती, पण ठेवायला जागा नव्हती. आमच्याच इमारतीतल्या एका साहेबांचा दिवाणखाना मोठा, पण घरात मोदक कुणाला येत नव्हते. दोन दिवस माझा पंखा थरथरला. मग काकांनी शेजारच्या हवल्ली भागातल्या एक वहिनी आणल्या. मोदकांत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण त्यांच्याकडे गाडी नव्हती. खैतानची व्हॅन वहिनींना घेऊन आली, मखर दिवाणखान्यात बसलं, मोदक सगळ्यांनी खाल्ले. आरती चालू असताना काका माझ्या कानाशी लागले, "थ्री-टीम ट्रेड! आणि कॅपच्या आत!"

त्यांच्या एका सवयीची मात्र मला भीती वाटे. बैठकीत ते तीन खुर्च्या मांडत आणि पाहुणा एकटा असला तरी चहाचे तीन कप ठेवत. एकदा मी चुकून तिसऱ्या खुर्चीवर बसलो. बाहेर धुळीचं वादळ होतं, भरदुपारी खिडक्या तांबूस झाल्या होत्या. काका हळूच म्हणाले, "मास्तर, उठा. तिथे कुणीतरी आहे. कोण, ते अजून कळलेलं नाही." ते हसले नाहीत. तिसऱ्या कपावर साय धरत होती. बोलता बोलता ते मधूनच त्या खुर्चीकडे पाहत आणि मान डोलवत.

म्हणून त्या सोमवारी किल्ली घेऊन मी एकेका पायरीवर थांबत जिना चढलो. आवाज दारापर्यंत येत होता. कुलूप उघडलं आणि तो थांबला. चेंडू तिसऱ्या खुर्चीवर होता, काका ठेवत तसाच. त्यावर धुळीचा थर होता. इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, म्हणाला, "पाइप में हवा होगी, मास्टरजी." मी होय म्हटलं.

पुढच्या महिन्यात घर आवरायला काकू परतल्या. त्यांचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, काकांच्या नावावर, त्यामुळे इथून जाणं भागच होतं. प्रश्न होता कुठे जायचं. त्या संध्याकाळी पुन्हा टप्पा सुरू झाला. वर गेलो तर काकू चेंडू आपटत होत्या, दोन्ही हातांनी, अवघडून.

"मुलगा म्हणतो कॅनडाला ये. दीर म्हणतात नाशकात आमच्याकडे राहा. दोघंही मनापासून बोलावतात हो, आणि दोघांच्याही घरात पाय ठेवायला जागा नाही," त्या म्हणाल्या. "यांना विचारलं असतं तर म्हणाले असते, तिसरी टीम आण. कुठून आणू?"

त्यांनी चहा आणला. सवयीने तीन कप. दोन खुर्च्यांवर काकांचे कपडे घड्या करून रचले होते, म्हणून मी उरलेल्या खुर्चीवर बसलो आणि मग कळलं, ती कुठली होती. मी उठू लागलो.

"बसा," काकू म्हणाल्या.

बसल्यावर मला आई आठवली. नाशिकला, काकूंच्या दिरांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून, तीन खोल्यांत एकटी. दुखलंखुपलं कुणाला सांगायचं, या काळजीने मीही इथे झोपत नव्हतो. मी तिथूनच फोन लावला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "येऊ दे की. पण दुपारी मी पडते, तेव्हा चेंडू नको म्हणावं."

काकू हसल्या, मग पदर डोळ्यांना लावला. दीर दोघींची औषधं आणून देणार, मुलगा उन्हाळ्यात आईला महिनाभर नेणार, असं ठरलं. त्या म्हणाल्या, "यांनी जागा धरून ठेवली होती तुमच्यासाठी."

चेंडूतली हवा काढून काकूंनी तो बॅगेत घातला. आता तो नाशिकला आहे. वरच्या घराला अजून भाडेकरू मिळालेला नाही. कधीकधी टप्पा ऐकू येतो, पंखा थरथरतो आणि काही वेळाने सगळं थांबतं. तिसरी खुर्ची माझ्या खोलीत आहे. तिच्यावर कुणी बसत नाही.