राणी वारली, नवं पान घ्या

प्रधान सरांच्या हातात मी कधी पुस्तक पाहिलं नाही. वर्गात शिरले की ते फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा चौकोन आखायचे आणि प्रत्येकात इंग्रजी साहित्याचं एकेक युग कोंबायचे. मग पिवळ्या पडलेल्या वहीतून नोट्स सांगायला सुरुवात. "राणी वारली. युग संपलं. नवं पान घ्या!" भिवंडीच्या त्या कॉलेजात आमच्याआधी शिकून गेलेल्या मुलींच्या वह्यांतही हीच वाक्यं होती, स्वल्पविरामासकट. "पाठ करा, पास व्हा. डोकं घरी ठेवून या," असं ते हसत सांगायचे, आणि वर्गही हसायचा. मला हा माणूस पहिल्या दिवसापासून आवडला नाही.

मी भिवंडीजवळच्या कोन गावची. आमच्या शेतात आता गोदामं उभी आहेत. बी.ए.ला घालतानाच बाबांनी बजावलं होतं, "एकदा जरी नापास झालीस ना, तं कालेज बंद. मंग स्थळ बगनार."

तिसऱ्या वर्षी वीस गुणांच्या चाचणीत प्रश्न आला: औद्योगिक क्रांतीने इंग्रजी कादंबरी कशी बदलली? नोट्समध्ये सहा मुद्दे होते. मी ते बाजूला ठेवले. कामतघरला माझ्या मावशीच्या चाळीत शिफ्ट सुटली की कापडाच्या लूमवरचे कामगार एका मोबाइलभोवती बसून गोष्टीचा रोजचा भाग ऐकायचे आणि उद्या काय होणार यावर वाद घालायचे. मी तिथून सुरुवात केली. गिरण्यांनी गावं रिकामी केली, शहरात वाचायला शिकलेली नवी माणसं जमली, त्यांना परवडावी म्हणून कादंबरी हप्त्याहप्त्याने विकली गेली, आणि मग तिच्यात सरदारांच्या जागी कारकून आणि अनाथ पोरं आली, असं लिहिलं. लिहिताना अंगावर काटा आला होता.

सरांनी शून्य दिलं.

कॉलेज बंद करण्याआधी बाबा जाब विचारायला स्टाफरूममध्ये आले. "सर, पोरीचं काय चुकलं तं सांगा. सगलं लिवलंय न्हाय का तिनं?"

सर चहा पीत होते. उठलेही नाहीत. "अहो, लूमवाल्यांचं काय लिहिते ही? हे साहित्य आहे, धामणकर नाका नाही!"

गावात कुणापुढे मान न झुकवणाऱ्या माझ्या बाबांनी त्या माणसापुढे हात जोडले. ते मी अजून विसरलेले नाही, विसरायची इच्छाही नाही. सरांनी उपकार केल्यासारखी फेरचाचणी घेतली. मी सहा मुद्दे जसेच्या तसे उतरवले आणि वीसपैकी अठरा मिळाले. कॉलेज वाचलं.

गेल्या वर्षी सर वारले. रीत म्हणून त्यांच्या घरी भेटायला गेले. नाव-गाव सांगताच काकूंनी, सरांच्या पत्नीने, मला लगेच ओळखलं.

"तू ती कोनची ना? हे नेहमी सांगायचे, तिच्यासारखं उत्तर माझ्या उभ्या नोकरीत कुणी लिहिलं नाही."

माझा आवाज चढला. "मग शून्य का दिलं?"

"मीही विचारलं होतं गं. म्हणाले, एकीला चालवून घेतलं तर सगळेच आपल्या मनाने लिहायला लागतील."

चहा तसाच ठेवून मी उठले. सरांना माझं उत्तर कळलंच नव्हतं, असं समजून इतकी वर्षं मी त्यांना अर्धी माफी दिली होती. तीही त्या दिवशी काढून घेतली. मी एम.ए. झाले, पहिला वर्ग मिळवला, आता इंग्रजी शिकवते. पण त्या शून्यानंतर एकाही पेपरात मी स्वतःचं एक वाक्य लिहिलं नाही.