लाल बटन

संत्र्याच्या सालीचा वास आला की मले अजून धडकी भरते. त्या दुपारी मी अन् बायको संत्री सोलत तिच्या लाडक्या शाहिराची कॅसेट ऐकत होतो. शाहीर आपली गाणी स्वतः लिहायचा अन् गायचा. त्याले ऐकायला ती नरखेडपर्यंत एसटीनं जायची. ही कॅसेट तिनं वस्तीतल्या कार्यक्रमात टेप मांडीवर धरून भरली होती, म्हणून शेवटच्या गाण्यानंतर तिचंच ओरडणं होतं, "अजून एक, दादा!" मी म्हटलं, "त्याच्याशीच लगन करायचं होतं वं." ती हसली, "त्यानं इचारलं कुठं?" शेवटचं गाणं अर्ध्यात असताना तिच्या छातीत कळ आली. मी टेप बंद केला, तिले दवाखान्यात नेलं, पण ती परत आली नाही. तिसऱ्या दिवशी तिचा आवाज ऐकावा म्हणून मी टेप लावला. बटनं नेहमी तीच दाबायची, मले इंग्रजी अक्षरं कळत नाहीत. चाकं फिरत होती, आवाज येईना, मी रडत बसलो. शेजारीण धावत आली, "भाऊ, लाल बटन काहून दाबलं? गाणं पुसून राहिलं ना!" तिचं ओरडणंही गेलं असलं तर? शेजारणीनं कॅसेट मागं नेऊन लावली. अर्धं गाणं वाजलं, तुटलं, मग माझंच रडणं, नाक ओढणं, संपता संपेना. मी टेपाले कान लावून बसलो. शेवटी खट्ट झालं अन् ती ओरडली, "अजून एक, दादा!" दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या कॅसेटच्या मागच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही बारके कान सुरीनं तोडले. तसं केलं की तिच्यावर कोणालेच दुसरं काही भरता येत नाही, मलेबी नाही.