बारावी ओळ

"यादीवर सही तुमची आहे, मॅडम. अक्षरही तुमचंच."

"मग? मी नाकारतेय का?"

"मला विचारलं होतंत?"

"तू जिमचं कार्ड मागायला आली होतीस. नाव विचारलं, तू सांगितलंस, मी लिहिलं."

चारशे मीटर धावणाऱ्या त्या मुलीनं स्पर्धेचा परत आलेला अर्ज टेबलावर आपटला. विद्यापीठाचा शेरा होता: खेळण्याची चार वर्षांची मुदत संपली. नाव पहिल्यांदा कुठल्याही संघाच्या यादीत येतं, तिथून मुदत मोजतात. ती धावायला लागली कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी. पण पहिल्या वर्षीच्या हँडबॉलच्या यादीत बारावं नाव तिचं होतं. हँडबॉल तिनं कधी हातातसुद्धा धरला नव्हता. आता हे पाचवं, शेवटचं वर्ष, आणि यंदाच कुठे ती पदकाच्या वेळेत पोचली होती.

कॉलेजचा क्रीडाविभाग सव्वीस वर्षं एकहाती ओढणाऱ्या शिट्टीमॅडमची ही जुनी खोड. त्या स्वतः खेळत होत्या तेव्हा त्यांच्या सरांनी हँडबॉलला मैदानात लागतात तेवढी सातच नावं दिली होती. ऐन सामन्यात एकीचा घोटा मुरगळला. बाहेर दोघी बूट घालून तयार, पण यादीत नाव नाही. सहाजणी खेळल्या आणि एका गोलनं हरल्या. तेव्हापासून मॅडमना रिकामी ओळ बघवत नसे. दारात दिसेल तिचं नाव चढायचं.

"पत्र द्या. लिहा, मी त्या स्पर्धेला गेलेच नव्हते."

"म्हणजे खोटी यादी दिली असं लिहू? जिंकलो होतो आपण. अकराजणींची प्रमाणपत्रं रद्द होतील. चौघी त्यावर नोकरीला लागल्यात."

"आणि तुमची नोकरी?"

"तीही जाईल. म्हण ना, मॅडम घाबरतात."

"म्हणायला कशाला हवं? दिसतंय की."

मॅडमनी गळ्यातली शिट्टी मुठीत आवळली. "जीभ सांभाळ. रोज पहाटे साडेपाचला स्टॉपवॉच घेऊन तुझ्यासाठी कोण उभं राहिलं?"

"तुम्हीच. अर्धा सेकंद कमी कर म्हणून जीव खायचात. आणि स्वतः माझं अख्खं वर्ष खाऊन बसलात."

मॅडमना ते लागलं. लागलेलं दिसू नये म्हणून त्यांनी समोरचा कागद पुढे ओढला. यंदाची हँडबॉलची यादी, चारच्या आत पाठवायची होती. मुलीनं ती उलटीच वाचली. बाराव्या ओळीवरची शाई अजून ओली होती.

"ही ती चष्मेवाली ना, लायब्ररीत बसते ती? खेळते?"

"ओळ मोकळी ठेवून चालत नाही."

"तिला माहितीये?"

मॅडमनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. नाव मात्र खोडलं नाही.

"उद्या साडेपाचला ये," त्या म्हणाल्या. "सराव सोडू नकोस. बघू काहीतरी. येशील ना?"

मुलीनं पिशवीतून कॉलेजचे धावायचे स्पाइक्स काढले, मातीसकट त्या यादीवर ठेवले आणि दार उघडं टाकून निघून गेली.