नावाचं कडवं

रविवारी सकाळी तुर्भ्याच्या विहारात स्पीकरवर धर्मराजचं गाणं लागलं आणि शेवटच्या कडव्याआधीच तुटलं. लगेच दुसरं सुरू झालं. पुढच्या रांगेतल्या वेणूबाईंनी मान वळवून मारोतीकडे पाहिलं.

“भावजी, गाणं मोडलं व्हय?”

मारोती उठला, स्पीकरला जोडलेल्या मोबाइलपाशी गेला आणि गाणं पुन्हा लावलं. आधी एक जाडा आवाज ओरडला, “सुधीर साउंड, कोपरखैरणे!” मग ढोलकी आली, धर्मराजचा आवाज आला, तीन कडवी झाली. जिथे धर्मराज स्वतःचं नाव घ्यायचा, तिथे कापलेलं होतं. मारोतीने दुसरं गाणं लावून पाहिलं. तिसरं लावलं. सगळीकडे तेच. आत येताना सुधीर ओरडत होता आणि बाहेर जाताना धर्मराज गायब.

वेणूबाई धर्मराजची बायको. धर्मराज जाऊन नऊ वर्षं झाली. तो आणि मारोती पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात शेजारशेजारच्या लेथ मशीनवर उभे राहायचे. दिवसभर लोखंड, संध्याकाळी गायन पार्टी. परभणीकडची गावं, इथल्या वस्त्या, जयंतीचे मंच, कुठे बोलावलं तिथे जायचं. धर्मराज गाणी स्वतः रचायचा आणि पद्धतीप्रमाणे शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचा. जुने शाहीर तसंच करत आले. पुस्तक छापायला कुणी बसलेलं नव्हतं. गाणाऱ्याचं नाव गाण्यातच राहायचं.

लेथवर उभा धर्मराज गातो
गावच्या वेशीला जाब मागतो

या ओळी कापल्या म्हणजे जाब मागणारा माणूसच कापला. उरलं काय? चाल.

निवृत्त झाल्यावर मारोतीने गायन पार्टीच्या चौसष्ट कॅसेटी गोळा केल्या. कुणाच्या माळ्यावर होत्या, कुणाच्या पत्र्याच्या पेटीत. बुरशी धरलेली फीत हाताने पुसली. तुटलेली जोडली. कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायची तर ती पूर्ण वाजवावी लागते. एक तासाच्या कॅसेटला एक तास. घाईची सोय नाही. मारोती प्रत्येक वेळी समोर बसून ऐकायचा, कारण मधेच फीत अडकली तर समजायला माणूस लागतो. चौदा महिने गेले. एकशे सदतीस गाणी निघाली. सोबत त्याने एक यादी केली: गाणं कुणाचं, कोरसला कोण, ढोलकी कुणाची, बाजाची पेटी कुणाची, गाव कोणतं, साल कोणतं, कॅसेट कुणी दिली. वेणूबाईंनी आपल्या अकरा कॅसेटी देताना एकच अट घातली होती. “नाव राहिलं पायजे.” मारोतीने शब्द दिला होता.

मारोतीचा मुलगा चंद्रशेखर बेलापूरला सरकारी कचेरीत कारकून. त्याने गाणी आणि यादी असं अख्खं फोल्डर इंटरनेटवर, टोरेंटवर चढवलं.

“हे कुणा एकाच्या मशीनवर नसतं, बाबा,” त्याने समजावलं. “ज्याने घेतलं तोच पुढच्याला देतो. तुकडे तुकडे करून. जितके जास्त लोक ठेवतील तितकं टिकतं.”

“म्हणजे सावड,” मारोती म्हणाला. “आज तुझ्या रानात माझे बैल, उद्या माझ्या रानात तुझे.”

“हां, तसंच.”

मारोतीला ती व्यवस्था फार आवडली होती. पण त्या रविवारी घरी येऊन त्याने चंद्रशेखरला कॉम्प्युटर उघडायला लावला आणि नीट विचारलं. किती जणांनी घेतलं? चारशेच्या वर. आत्ता देतायत किती?

“एक.”

“कोण?”

“आपण.”

सावडीला येऊन भाकरी खाल्ली आणि स्वतःचे बैल द्यायच्या वेळी पाठ फिरवली, असे चारशे जण. आणि नावांची यादी?

“घेताना एकेका फाईलवर टिक असते,” चंद्रशेखर म्हणाला. “नको ती काढून टाकता येते. लोक गाणी घेतात. यादी कशाला घेतील?”

“तू मला हे तेव्हा सांगितलं नाहीस.”

“तुम्हीच म्हणालात, गाणी सुटी करून दे, लोकांना सोपं पडेल.”

ते खरं होतं. कॅसेटची एकसंध बाजू कापून सुटी गाणी मारोतीनेच करवली होती. दुसऱ्याच्या हातात कात्री द्यायच्या आधी पहिली कात्री त्याने स्वतः चालवली होती. म्हणून राग दुप्पट झाला.

दुसऱ्या दिवशी तो कोपरखैरण्याला गेला. सुधीरचं दुकान म्हणजे एक गाळा, त्यात छताला भिडलेले स्पीकर. सुधीर पस्तिशीचा, गोड बोलणारा. खुर्ची पुढे केली. मारोती बसला नाही.

“काका, मी तर प्रचारच करतोय ना,” सुधीर म्हणाला. “माझ्या संग्रहात सातशे गाणी आहेत. अख्ख्या महाराष्ट्रात चालतात.”

“शेवटचं कडवं कुठंय?”

“अहो, पब्लिकला तीन मिनिटाच्या वर चालत नाय. आणि ते नावबिव जुनं वाटतं.”

“जुनं वाटतं? मग तुझं का घातलंस?”

“ते ब्रँडिंग असतं, काका.”

“चौदा महिने मी फीत पुसली. तू काय पुसलंस? नाव!”

दुकानातली दोन गिऱ्हाईकं वळून बघू लागली. सुधीरने आवाज खाली आणला. “काका, टेन्शन नका घेऊ. मी काढून टाकतो, बस? पण माझ्याकडून काढलं तरी हजार जणांकडे गेलंय. ते तुम्ही कुठून काढणार?”

मारोती दुकानातून बाहेर पडला. तसाच तो वेणूबाईंकडे गेला आणि सगळं सांगितलं. लपवून ठेवायची सवय नव्हती.

“परत मागवा,” वेणूबाई म्हणाल्या.

“मागवता येत नाही, वहिनी. एकदा गेलं की गेलं.”

“मग वाटलं काहून? म्या पेटीत जपून ठिवलं व्हतं. बुरशी लागली व्हती, पर नाव तर व्हतं.”

मारोती म्हणाला, “पुन्हा करतो. सगळं.”

आणि त्याने केलं. मूळ कॅसेटी पुन्हा पहिल्यापासून वाजवल्या. या वेळी गाणी सुटी केली नाहीत. प्रत्येक बाजू सलग, खोकल्यासकट, माइक ठोकल्याच्या आवाजासकट. प्रत्येक बाजूच्या सुरुवातीला त्याने यादी स्वतःच्या आवाजात वाचून घातली. कापणारा तरीही कापेल, पण त्याला आता अर्धा अर्धा तास बसून घाम गाळावा लागेल. फुकटची टिक नाही. पाच महिने लागले.

उरला प्रश्न ठेवणाऱ्यांचा. मारोतीने विहाराच्या फळ्यावर लिहिलं: ‘धर्मराज यांच्या गाण्यांचं पूर्ण फोल्डर मिळेल. लॅपटॉप आणावा. अट: शेवटचं कडवं वेणूबाईंसमोर पाठ म्हणावं. घेतल्यावर टोरेंट चालू ठेवावं. नुसतं घेऊन जाणाऱ्यांनी येऊ नये.’

“एवढं कडक लिहिल्यावर कोण येणार, बाबा?” चंद्रशेखर म्हणाला.

“चारशे आले होते की. काय उपयोग झाला?”

रविवारी सात जण आले. वेणूबाई खुर्चीवर, मारोती बाजूला, टेबलावर हार्ड डिस्क. क्रांती नावाच्या नर्सने पहिल्या झटक्यात बरोबर म्हटलं. एका मास्तरांनी ‘वेशीला’च्या जागी ‘देशाला’ म्हटलं.

“गुरुजी, देशाला कोनीबी जाब मागतंय,” वेणूबाई म्हणाल्या. “त्यान्ला वेशीवर आडवलं व्हतं. वेशीलाच मागा.” मास्तर पाठ करायला कोपऱ्यात जाऊन बसले आणि दुसऱ्या खेपेला पास झाले. चौघे नापास होऊन घरी गेले. त्यातला एक म्हणाला, “फुकटच्या गाण्यासाठी परीक्षा?” मारोती म्हणाला, “फुकट नाही म्हणूनच.”

सातवा सुधीर होता.

मारोतीचा हात हार्ड डिस्कवर गेला. “तुझं काय काम?”

“फळ्यावर ‘सुधीर सोडून’ असं लिहिलेलं नव्हतं, काका.”

तो वेणूबाईंसमोर उभा राहिला आणि त्याने कडवं म्हटलं. एकही शब्द चुकला नाही. मग दुसऱ्या गाण्याचं म्हटलं. तिसऱ्याचं. चौथ्याचं. धर्मराज कुठे श्वास घ्यायचा तिथे त्यानेही घेतला.

“इतकं पाठ कसं?” क्रांतीने विचारलं.

सुधीरने मान खाली घातली. “नेमकं कुठं कापायचं ते बघायला दहा दहा वेळा ऐकलंय.”

न ऐकता कापलं असतं तर अडाणी म्हणून सोडून देता आलं असतं. याने ऐकलं होतं. जीव लावून ऐकलं होतं, आणि मग कापलं होतं.

“याला द्यायचं नाही,” मारोती म्हणाला.

“पाठ म्हनलं का न्हाई त्यानं?” वेणूबाईंनी विचारलं.

“म्हटलं.”

“चुकलं का कुटं?”

“नाही.”

“मग?”

कारखान्यात मापाच्या गेजमध्ये नेमका बसलेला जॉब, म्हणजे घडवलेला नग, मारोतीने कधी भंगारात टाकला नव्हता, मग तो कुणीही काढलेला असो. त्याने हार्ड डिस्क सुधीरच्या लॅपटॉपला जोडली. फोल्डर जायला वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ वेणूबाई सुधीरकडे एकटक बघत होत्या आणि तो नजर देत नव्हता.

“थँक्यू, काका,” जाताना सुधीर म्हणाला.

“थँक्यू घरी ठेव,” मारोती म्हणाला. “रोज सकाळी मी देणाऱ्यांचा आकडा बघणार आहे. आम्ही, नर्सबाई, गुरुजी आणि तू, आजपासून चार दिसले पाहिजेत. तीन दिसले की पहिला तुझ्या दुकानात येईन. आणि त्या दिवशी उभ्याने नाही, बसून बोलेन.”