क्रूझ, गिअर आणि दामूकाकांचं गॅरेज

गॅरेजमध्ये किस्से जमवावे लागत नाहीत. माणूस गाडी घेऊन येतो, गाडी घेऊन जातो आणि किस्सा तेवढा विसरून जातो. तलासरीला हायवेवर दामूकाकांचं गॅरेज आहे. तिथे असे विसरलेले किस्से इतके साचलेत की कुणीतरी ते लिहून काढायला हवेत. दुसरा कुणी लिहील याची वाट बघायला मला धीर नाही, म्हणून मीच लिहितोय.

आधी माणसं सांगतो, तीनच आहेत. दामूकाका मूळ वरोरचे. बापाच्या बोटीचं इंजिन पंधरा वर्षं सांभाळलं आणि मग मोटरसायकलींकडे वळले. हेमंत चिंचणीचा, माझा कॉलेजपासूनचा मित्र. आणि मी डहाणूचा, फिजिक्स शिकलेला, लांब पल्ल्याच्या मोटरसायकलींनी झपाटलेला. आम्ही दोघं रिकामे असलो की गॅरेजातच पडीक.

२०१६ साली बोटीवर जाळं ओढायच्या विंचच्या दोरात हेमंतचा उजवा हात सापडला. मनगटात प्लेट बसली. हात वाचला. ब्रेक दाबता येतो, पण रेसची मूठ पिळून धरली की दहाव्या मिनिटाला बोटं बधिर. आमच्यात सगळ्यात सुंदर चालवणारा तो! तेव्हापासून माझ्या मागे बसायला लागला. "मी परत चालवणार," एवढंच म्हणायचा. कसं, ते त्यालाही माहीत नव्हतं.

*

काका चहा पिताना हायवेकडे पाठ करून बसतात. एकदा मागून एक मोठी गाडी येत होती. काका कपातून तोंड न काढता म्हणाले, "एक गिअर कमी आहे. बिचारी रडतेय."

"न बघता?"

"रडणं बघायला लागतं काय?"

नशीब असं की तीच गाडी टपरीवर थांबली. पुण्याचा रायडर, अंगात जॅकेट, गुडघ्याला पॅड, हेल्मेटवर कॅमेरा. मी धावतच गेलो.

"दादा, आत्ता कितव्या गिअरमध्ये होतात?"

"टॉपमध्ये. पाचव्या."

"पण तुमच्या गाडीला सहा आहेत!"

तो गाडीकडे बघतच राहिला. आधीची गाडी पाच गिअरची होती, पायाला तीच सवय. आठ दिवस कच्छ फिरून आला होता आणि हातांना मुंग्या येतात म्हणून इंजिनाला शिव्या देत होता.

मागून काका आले. "सहावा गिअर अख्खं कच्छ बसून फिरला. त्याला पण एक चहा सांगा!"

*

गॅरेजच्या भाषेत स्प्रॉकेटला दात असतात. चेन ज्या चक्रावर फिरते त्याचे हे दात. पुढच्या चक्राला एक दात वाढवला की त्याच वेगाला इंजिन जरा निवांत फिरतं. फक्त चढावर जोर कमी पडतो.

एकदा काकांचे हात ग्रीसने भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर होता. पलीकडून वापीचं एक गिऱ्हाईक ओरडत होतं, "काका, पुढचे पंधरा आहेत, सोळा बसवून द्या! लग्नाला जायचंय!"

बाजूला हेमंतची आई उभी होती. बाजाराला आली होती, लेकाला डबा द्यायला थांबली. हळूच म्हणाली, "पंधरा पण पुष्कळ आहेत रे. लग्नात काय ऊस देणार आहेत?"

काका अर्धा तास पाना धरू शकले नाहीत.

*

त्या दातांवरून मलाही एक अद्दल घडली. मी वहीत गणित मांडलं. पंधराचे सोळा केले की ऐंशीच्या वेगाला इंजिनाचे फेरे इतके कमी, कंप इतका कमी, पेट्रोल इतकं कमी. काकांनी पाव तास माझं भाषण ऐकलं आणि सोळा दात बसवून दिले. हायवेवर गाडी लोण्यासारखी! मी भेटेल त्याला सांगत सुटलो की कंपनीवाल्यांना अक्कल नाही.

पुढच्या रविवारी हेमंतला मागे बसवून जव्हारचा घाट चढायला घेतला. चौथ्यात गाडी दमली. तिसऱ्यात टाकली, तरी दमली. दुसऱ्यात टाकली तर एक टेम्पो आम्हाला मागे टाकून गेला. टेम्पोत म्हशी होत्या!

परत आलो तेव्हा काकांनी एवढंच विचारलं, "वहीत घाट काढला होतास का?"

*

क्रूझ कंट्रोल मी पहिल्यांदा समजावून सांगितला तो दिवस आठवतो. "काका, मोठ्या टूरिंग गाड्यांना एक बटण असतं. वेग ठरवायचा, बटण दाबायचं, मूठ सोडून द्यायची. गाडी तोच वेग धरून चालते!"

काका हसले. "यात नवीन काय? आमच्या बोटीला पहिल्यापासून हेच. खटका ओढला, की हात मोकळे. बिडी ओढा, जाळं निवडा."

हेमंत एकदम सरळ बसला. "मग माझ्या गाडीला बसवा ना तसला खटका! मूठ जिथल्या तिथे अडकून राहील असा."

"नाही."

"का? हात माझा, गाडी माझी!"

मीही तावातावाने बोललो. ज्याला गरज आहे त्याला यंत्र मिळालंच पाहिजे वगैरे. काकांनी पाना खाली ठेवला. तसे ते कधी ठेवत नाहीत.

"हेमंता, बोटीपुढे पाणी असतं. तुझ्यापुढे ट्रक असणार. खटका लागतो कसा ते मला येतं. वेळेवर सुटतो कसा, ते येत नाही."

हेमंत उठून बाहेर जाऊन उभा राहिला.

*

आणि मग २०१८ च्या डिसेंबरात सुलभाताई आल्या. बडोद्याच्या मराठी, साठीच्या, शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्याच मोठ्या टूरिंग गाडीवर गोव्याला निघालेल्या! मागचा टायर फाटला होता आणि नवा मुंबईहून यायला दोन दिवस. हेमंतने लॉज बघून दिला, दोन्ही दिवस आईच्या हातचं जेवण पोचवलं. त्यांच्या गाडीला क्रूझ आहे हे त्याला पहिल्या मिनिटाला दिसलं होतं. दोन दिवसांत त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

टायर बसला. ताई काकांना म्हणाल्या, "चला, मागे बसा, चाचणी घेऊ."

अर्ध्या तासाने काका उतरले. मला म्हणाले, "पुलाचा चढ आला. बाईंचा हात मांडीवर. गाडीने स्वतःच रेस वाढवली रे! काटा हलला नाही. माझ्या अंगावर काटा आला."

"आणि तुमचे काका काय म्हणाले ठाऊक आहे?" ताई हसत होत्या. "साठच्या वेगाला सहावा गिअर नको, पाचव्यात क्रूझ लावा. म्हणे, मशीनला वेग कळतो, चढ कळत नाही. तीन वर्षं चालवतेय, मला हे कुणी शिकवलं नव्हतं!"

काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. "बाई, हा खटका सुटतो कसा?"

"ब्रेकला बोट लागलं की सुटतो. क्लचला लागलं तरी सुटतो."

"लगेच?"

"लगेच."

काकांनी हेमंतकडे बघितलं. मग ताईंना त्याच्या हाताची सगळी हकिगत सांगितली. हेमंत मान खाली घालून ऐकत होता. ताईंनी किल्ली पुढे केली.

"लायसन्स आहे ना? मी मागे बसते."

"नको ताई. लाखांची गाडी..."

"अरे हो म्हण ना!" मी ओरडलोच.

आधी मागच्या मोकळ्या रस्त्यावर फेऱ्या झाल्या. ब्रेक, क्लच, बटण लावणं, बटण सोडणं. काका प्रत्येक फेरीला "परत" म्हणत होते. पाचव्या फेरीला त्यांनी हायवेकडे बोट केलं. गाडी हायवेला लागली आणि अच्छाडच्या दिशेने दिसेनाशी झाली.

दहा मिनिटं गेली. पंधरा गेली. मी घड्याळ बघत होतो. पंचविसाव्या मिनिटाला दुभाजकापलीकडच्या रस्त्याने ती परत येताना दिसली. एका लयीत, जराही वरखाली नाही. हेमंत ताठ बसलेला. आमच्या समोर येताच त्याने आमच्या बाजूचा हात उचलला, डोक्याच्या वर नेला आणि हलवला. पुढचं वळण येईपर्यंत हलवतच होता.

काकांचा चष्मा ग्रीसने माखलेला. त्यांनी माझा दंड धरला.

"कुठला हात रे?"

"उजवा."